वृद्धाश्रमातील रहिवाशांचा पाठीराखा होऊ इच्छिणाऱ्यांसाठी: नाशिकमध्ये हे काम कसे सुरू करावे

गेली काही वर्षे मी नाशिक शहर आणि आसपासच्या वृद्धाश्रमांत ठरलेल्या दिवशी जातो, तेथील आजी-आजोबांचे म्हणणे ऐकतो आणि त्यांनी सांगितले तरच ते व्यवस्थापनाकडे, बँकेत किंवा प्रांत कार्यालयात मांडतो. या कामाला आपल्याकडे अजून सरकारी नाव नाही. फाटकावरचा माणूस पहिल्यांदा "देणगी द्यायला आलात का?" असे विचारतो आणि कचेरीतला कारकून "आपण वकील का?" असे विचारतो, दोन्हींचे उत्तर "नाही" असल्यामुळे मी स्वतःला पाठीराखा म्हणवतो. सुरुवातीला वाट दाखवणारे कोणी नव्हते. त्यामुळे ज्या चुका झाल्या, त्यांतली एक पुढे सविस्तर सांगणार आहे, कारण तिची झळ मला बसली नाही, एका आजींना बसली.

१. काम नेमके कोणते, ते आधी समजून घ्या

अमेरिकेत दीर्घकालीन निवासी सेवेतील रहिवाशांसाठी 'ओम्बड्समन' नावाची, त्यांच्या तक्रारी ऐकून मार्गी लावणारी व्यवस्था आहे. ती १९७२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि १९७८ च्या कायदेदुरुस्तीनंतर प्रत्येक राज्याला बंधनकारक झाली. तेथे या कामासाठी प्रमाणपत्र घेणाऱ्यास, तो स्वयंसेवक असला तरी, किमान ३६ तासांचे प्रारंभिक प्रशिक्षण आणि त्यानंतर दरवर्षी १८ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. रहिवाशाच्या संमतीशिवाय त्याचे नाव उघड करता येत नाही, हा त्या व्यवस्थेचा कणा आहे.

आपल्याकडे असे पद नाही. मात्र 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७' आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०१० चे नियम यांनी काही दारे उघडी ठेवली आहेत. ज्येष्ठ नागरिक स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असेल, तर त्याने अधिकार दिलेली कोणतीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते, असे कलम ५ सांगते. पाठीराख्याचे कायदेशीर बळ एवढेच. बाकीचे बळ दोन कागदांतून येते: रहिवाशाचे अधिकारपत्र आणि संस्थेची लेखी परवानगी.

२. आपण या कामास योग्य आहोत का, हे तपासा

शिक्षणाची अट मी शेवटी धरतो. पहिली अट हितसंबंधांची आहे. ज्या वृद्धाश्रमात तुमचे नातेवाईक विश्वस्त आहेत, जेथे तुम्ही किराणा, औषधे किंवा कंत्राटी कामगार पुरवता, अथवा जेथील एखाद्या रहिवाशाच्या मालमत्तेशी तुमचा दूरान्वयानेही संबंध आहे, तेथे पाठीराखा होऊ नका. मोठ्या देणगीदारांनाही मी हेच सांगतो. ज्याच्या नावाची पाटी भिंतीवर आहे, त्याच्यापुढे कोणती आजी जेवणाबद्दल तोंड उघडेल?

दुसरी अट भाषेची. नाशिक जिल्ह्यात ती फार महत्त्वाची आहे. मालेगाव, सटाणा, कळवण भागातून आलेल्या वृद्धांची घरची बोली अहिराणी असते. एका आश्रमात "हे काही बोलतच नाहीत" अशी नोंद असलेले आजोबा माझ्या सोबतच्या सटाण्याच्या मित्राने अहिराणीत खुशाली विचारताच पाऊण तास बोलले. त्यांच्या कानाला किंवा स्मृतीला काही झालेले नव्हते. तुम्हाला बोली येत नसेल, तर ती येणारा जोडीदार सोबत घ्या. मात्र तो त्या आश्रमाचा कर्मचारी नसावा.

तिसरी अट वेळेची आहे. महिन्यातून दोन ठरलेले दिवस, तेही किमान वर्षभर देता येत नसतील, तर सुरुवातच करू नये. चार भेटी देऊन नाहीसा होणारा माणूस रहिवाशांच्या विश्वासाचे जे नुकसान करतो, ते नंतर येणाऱ्याला भरून काढावे लागते.

३. प्रशिक्षण आणि ओळख मिळवा

आपल्याकडे उपलब्ध असलेला सर्वांत उपयोगी मार्ग म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक होणे. प्राधिकरणाचे कार्यालय जुन्या आग्रा रोडवरील जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या योजनेनुसार किमान मॅट्रिकपर्यंत शिकलेली व्यक्ती यासाठी चालते आणि निवृत्त शिक्षक, निवृत्त सरकारी कर्मचारी, समाजकार्याचे विद्यार्थी, अंगणवाडी सेविका यांचा त्या योजनेत स्पष्ट उल्लेख आहे. निवड झाल्यावर प्रशिक्षण व ओळखपत्र मिळते. ज्येष्ठ नागरिकांसाठी याच प्राधिकरणाची २०१६ ची स्वतंत्र योजनाही आहे. ती मुळातून वाचा.

दुसरी ओळख करून घ्यावी ती समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्त कार्यालयात, म्हणजे नाशिक-पुणे रोडवर नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात. २००७ च्या अधिनियमाच्या कलम १८ नुसार जिल्हा समाजकल्याण अधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी 'निर्वाह अधिकारी' म्हणून नेमला जातो, आणि वृद्धाची इच्छा असल्यास या कायद्याखालील न्यायाधिकरणापुढे (त्याबद्दल पुढे आठव्या भागात) तो त्याची बाजू मांडू शकतो. हे फार थोड्यांना माहीत असते. कधी कधी कचेरीतही विचारणा केल्यावरच आठवते.

सुरुवातीला लागणारी कागदपत्रे अशी:
- आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा आणि दोन छायाचित्रे;
- पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला (कायद्याने सक्तीचा नसला तरी चांगली संस्था तो मागते, आणि मागावाच);
- विधी स्वयंसेवकाचे ओळखपत्र किंवा तुम्ही ज्या नोंदणीकृत संस्थेतर्फे जाता तिचे पत्र;
- हितसंबंध नसल्याचे स्वतःच्या सहीचे निवेदन;
- वृद्धाश्रमाच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना दिलेला अर्ज आणि त्यावरची लेखी परवानगी.

तोंडी परवानगीवर विसंबू नका. व्यवस्थापक बदलला, की तोंडी परवानगीही त्याच्याबरोबर जाते.

४. आश्रमाची माहिती आधी काढा

बहुतेक वृद्धाश्रम सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेले असतात. नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावे आणि लेखापरीक्षणाची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून मिळू शकते. जागेच्या बाबतीत केंद्राच्या नमुना नियमांतील अनुसूची हाताशी ठेवा. त्यात निजण्याच्या खोलीत प्रत्येक रहिवाशामागे किमान ७.५ चौरस मीटर जागा धरलेली आहे. मी मोजपट्टी घेऊन जात नाही, खाटा मोजतो. दोन खाटांमधून वॉकर जात नसेल, तर आकडेमोड करण्याची गरज उरत नाही.

प्रवेशाच्या वेळी सही घेतलेला करारनामा किंवा नियमपत्रिका पाहायला मागा. अनामत रक्कम परत मिळण्याच्या अटी, आजारपणात रुग्णालयात कोणी न्यायचे, नातेवाईक आले नाहीत तर काय, या तीन गोष्टींवर पुढे हमखास वाद होतात.

५. पहिल्या भेटी तक्रार शोधण्यासाठी नसतात

पहिल्या तीन-चार भेटींत वही उघडू नका. चहाच्या वेळी जाऊन बसा. जेवणाच्या वेळीही एकदा जा, कारण ताटात काय वाढले जाते यापेक्षा ताटात काय उरते, यावरून अधिक कळते. पोळी दातांनी चावता येत नाही म्हणून उरली, की भूक नाही म्हणून, हे शेजारी बसल्याशिवाय समजत नाही. हाक मारण्याची बटणे चालतात का, रात्री मदतनीस किती असतात, चष्मा आणि श्रवणयंत्र ज्याचे त्याच्याजवळच असते का, या गोष्टी न विचारता दिसतात. बोलायला मात्र प्रत्येकाशी एकट्याने बोला. मदतनीस दारात उभी असेल, तर गप्पा सांध्यांच्या दुखण्यापलीकडे जाणार नाहीत.

६. संमती: येथेच सर्वाधिक चुका होतात

आता ती चूक सांगतो. जानेवारी महिना होता. निफाड-नाशिक पट्ट्यातील थंडी ज्यांनी अंगावर काढली आहे, त्यांना त्या महिन्यातील सकाळच्या आंघोळीचे महत्त्व सांगायला नको. दिंडोरीकडच्या एक आजी बोलता बोलता म्हणाल्या, की त्यांचा नंबर येईपर्यंत गिझर बंद होतो आणि पाणी कोमट येते. त्या सहज बोलल्या होत्या. मी मात्र त्याच संध्याकाळी विश्वस्तांना त्यांच्या नावानिशी सविस्तर पत्र पाठवले आणि आपण काहीतरी मोठे केले, अशा समाधानात झोपलो.

पुढच्या भेटीला गेलो तेव्हा आजींची खिडकीजवळची खाट रिकामी होती. त्यांना दालनाच्या टोकाला, स्वच्छतागृहाजवळ हलवले होते. "त्यांच्याच सोयीसाठी" असे मला सांगण्यात आले. आजी माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही घरी निघून जाता. मला इथंच राहायचंय."

त्यानंतर मी जे आधी विचारायला हवे होते ते विचारले: तुम्हाला काय व्हायला हवे आहे? त्यांना तक्रार नकोच होती. आंघोळीच्या क्रमात त्यांचा नंबर दोन जणींच्या आधी यावा, एवढेच त्यांना हवे होते, आणि त्या दोघी उशिरा उठणाऱ्या असल्यामुळे त्यांची हरकतही नव्हती. त्यांच्या सांगण्यावरून मी मदतनीस ताईंशी बोललो आणि पाच मिनिटांत काम झाले. खिडकीजवळची जागा परत मिळायला मात्र दोन महिने लागले.

तेव्हापासून प्रत्येक बाबतीत मी चार प्रश्न त्याच क्रमाने विचारतो. हे मी कोणाला सांगावे असे तुम्हाला वाटते का? कोणाला सांगू? तुमचे नाव घेऊ का? आणि तुम्हाला शेवटी काय हवे आहे? उत्तर "नको" असे असेल, तर विषय तेथेच थांबतो. जिवाला धोका, मारहाण किंवा लैंगिक छळाची शंका असेल तेव्हाच वेगळा विचार करावा लागतो, आणि तेव्हाही आपण काय करणार आहोत, हे आधी त्या व्यक्तीला सांगावे.

स्मृतिभ्रंश असलेल्या रहिवाशांबाबत "त्यांना काय कळतंय" हे वाक्य तुम्हाला वारंवार ऐकायला मिळेल. ते मान्य करू नका. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ उपचारांच्या निर्णयाबाबत माणसाला निर्णयक्षम मानूनच सुरुवात करतो, आणि साध्या कागदावर लिहून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याची मुभाही देतो. सकाळी गोंधळलेली व्यक्ती दुपारी नीट उत्तर देते, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून विचारण्याची वेळ बदलून पाहा.

७. तक्रार पायरीपायरीने न्या

आधी मदतनीस किंवा परिचारिका, मग व्यवस्थापक, मग विश्वस्त मंडळ, आणि त्यानंतरच सरकारी कचेरी, असा क्रम ठेवा. लेखी पत्राची आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आश्रमाच्या कारभाराबाबत समाजकल्याण कार्यालय, विश्वस्तांच्या आर्थिक व्यवहाराबाबत धर्मादाय कार्यालय आणि गुन्ह्याबाबत पोलीस, ही विभागणी लक्षात ठेवली तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरणे बरेच वाचते. तातडीच्या वेळी ११२, ज्येष्ठांच्या मार्गदर्शनासाठी सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत १४५६७ आणि विधी सेवेसाठी १५१०० हे क्रमांक आश्रमाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावून घ्या.

८. निर्वाहाचा अर्ज करायचा झाल्यास

रहिवाशाला आश्रमाचे शुल्क परवडत नाही आणि मुले लक्ष देत नाहीत, असे प्रकरण लवकरच तुमच्यापुढे येईल. तेव्हा मुलांकडून दरमहा खर्चाची रक्कम, म्हणजे निर्वाह, मिळावा म्हणून अर्ज करता येतो. उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो ते, या कायद्याखालील न्यायाधिकरणाचे काम पाहतात. मुलगा मुंबईत किंवा पुण्यात असला, तरी ज्येष्ठ व्यक्ती नाशिकमध्ये राहत असेल तर अर्ज येथे करता येतो.

अर्जासोबत लागणारे कागद:
- अर्जदाराचे वय, पत्ता आणि परिस्थिती सांगणारा साध्या भाषेतला अर्ज;
- मुलांची नावे, पत्ते आणि माहीत असल्यास नोकरीचे ठिकाण;
- दरमहाचा खर्च: आश्रमाचे शुल्क, औषधे, तपासण्या, पावत्यांसह;
- आधार, वयाचा पुरावा, बँक पासबुकाची प्रत;
- मालमत्ता मुलांच्या नावे केली असल्यास सातबारा उतारा, बक्षीसपत्र किंवा इतर दस्त;
- अर्जदार स्वतः येऊ शकत नसल्यास तुमच्या नावाचे अधिकारपत्र.

अधिकारपत्रावर सही करता येत नसेल, तर 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असे लिहून ठसा घ्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. साक्षीदार आश्रमाचे कर्मचारी नसावेत. मजकूर आधी मोठ्याने वाचून दाखवा आणि "वाचून दाखवला, समजला व मान्य आहे" ही ओळ ठशाच्या वर येईल अशी लिहा. कोऱ्या कागदावर अंगठा घेणाऱ्याला, तो कितीही भला असला, तरी दारातूनच परत पाठवा.

आता काही सापळे. पहिला: लोक सुनेला किंवा जावयाला प्रतिवादी करतात, पण कायद्यातील 'मुले' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात; सून व जावई येत नाहीत. निःसंतान व्यक्तीच्या बाबतीत मात्र जो नातेवाईक तिच्या मालमत्तेचा ताबा धरून आहे किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे, तो जबाबदार धरला जातो. दुसरा: निकाल लागेपर्यंतच्या काळासाठी अंतरिम रक्कम मागता येते, पण ती मागायला विसरतात. अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदात ती विनंती स्वतंत्रपणे लिहा. तिसरा: नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा आणि अपवादात्मक स्थितीत एकदाच ३० दिवस वाढवावेत, असे कायदा म्हणतो; म्हणून नोटीस खरोखर बजावली गेली का, याचा पाठपुरावा तुम्हीच करायचा असतो. चुकीच्या पत्त्यावरून परत आलेल्या पाकिटामुळे महिनोन्‌महिने जातात. प्रत्येक तारखेनंतर रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत, काय लिहिले गेले, ते वाचून या.

कायद्याने दरमहा निर्वाहाची कमाल मर्यादा १०,००० रुपये ठेवली आहे. आदेश होऊनही पैसे आले नाहीत, तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत करावा लागतो. "पुढच्या महिन्यात देतो" असे मुलाने सांगितले आणि वृद्ध आईने वाट पाहिली, एवढ्यावर मुदत निघून गेल्याचे मी पाहिले आहे. ज्येष्ठ नागरिकाला आदेश अमान्य असल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडील अपिलीय न्यायाधिकरणात ६० दिवसांत अपील करता येते.

कलम १७ नुसार या कामकाजात वकिलामार्फत बाजू मांडता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या बंदीविरुद्ध निर्णय दिला असला, तरी येथे जाताना स्वतः बोलण्याची तयारी ठेवूनच जावे. न्यायाधिकरणाचे अधिकारी बहुधा समेटाचा आग्रह धरतात. समेट वाईट नसतो. पण समेटाच्या कागदावर रक्कम, तारीख आणि बँक खाते लिहिलेले नसेल, तर तो निव्वळ शुभेच्छापत्र ठरतो.

घर किंवा शेत मुलाच्या नावे करून नंतर आश्रमात आलेल्यांचा प्रश्न कलम २३ खाली येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, परत मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशी अट दाखवून देण्यावर भर दिला आणि २०२५ मध्ये या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावावा, असे सांगितले. म्हणून दस्त आणि त्यासोबतचे प्रत्येक पत्र, संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र शोधून काढा. अशी प्रकरणे एकट्याने हाताळू नका, विधी सेवा प्राधिकरणाकडे न्या.

९. पेन्शन, हयातीचा दाखला आणि आरोग्य कार्ड

पाठीराख्याचा बराचसा वेळ खरे तर येथे जातो. निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. ८० वर्षांवरील व्यक्तींना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. वयामुळे बोटांच्या रेषा पुसट झाल्या, की यंत्र ठसा घेत नाही. अशा वेळी जीवन प्रमाण या सरकारी डिजिटल हयात-दाखल्याच्या सेवेतील चेहरा ओळखण्याची सोय वापरा आणि आजोबांना खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसवा. निम्मे प्रयत्न केवळ अंधारामुळे फसतात. ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे आणि तिचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. ७० वर्षांवरील प्रत्येकाला २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कार्ड काढल्यानंतर ते आश्रमाच्या कपाटात बंद राहणार नाही, एवढे पाहा. रात्री अडीच वाजता त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात पोचल्यावर कपाटाची किल्ली व्यवस्थापकाच्या घरी असल्याचे कळून उपयोग नसतो.

पासबुक आणि एटीएम कार्ड ज्याचे त्याच्याकडेच असावे. आश्रमाने सांभाळायला घेतले असेल, तर त्याची नोंदवही असावी आणि प्रत्येक वेळी पैसे काढल्याची सही किंवा ठसा त्यात असावा.

१०. आपल्या हातून काय होऊ नये

रहिवाशाचे पैसे स्वतःजवळ ठेवू नका, त्याच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करू नका आणि भेटवस्तू घेऊ नका, मग ती विणलेली मफलर का असेना. मधुमेही आजोबांना पेढा देऊ नका, औषध बदलण्याचा सल्ला देऊ नका. छायाचित्रे काढून समूहांवर टाकू नका. आपल्या आईला आश्रमात ठेवल्याचे सगळ्या भावकीला त्या छायाचित्रावरून कळल्यामुळे तिच्याकडे यायचेच बंद झालेले एक कुटुंब मला माहीत आहे.

भेटींची वही मात्र नेमाने लिहा: तारीख, कोणाशी बोललो, काय मागितले, संमती दिली की नाही, पुढे काय झाले. नावांऐवजी खाटेचे क्रमांक लिहून नावांची यादी वेगळ्या जागी ठेवा. खाट बदलली, की ती यादीही त्याच दिवशी दुरुस्त करा.